सर्व्हेच्या बक्षिसासाठी कार्डाचा नंबर मागितला तर

गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी, कूलरसमोर बसून, आईनं फोनवर एक सर्व्हे भरला. पाचशेचं व्हाउचर लागलं म्हणे, फक्त ओळख पटवायला कार्डावरून दोन रुपये कापू. तिनं नंबर, तारीख, मागचे तीन आकडे, सगळं दिलं. पहाटे डॉलरमधल्या खर्चाचे दोन मेसेज. ओटीपी आलाच नाही. परदेशी साइटवर तो न विचारताही पैसे कापले जाऊ शकतात.

म्हणून बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आजच बंद करा, ऑनलाइन खर्चाची मर्यादाही उतरवा. बक्षीस द्यायला कुणालाच तुमच्या कार्डामागचे तीन आकडे लागत नाहीत, हे घरातल्या मोठ्यांना शांतपणे समजावा. रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते लपवतील.

नंबर दिलाच असेल तर सकाळची वाट बघू नका बाप्पा! कार्ड ब्लॉक करा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, आपल्या हलगर्जीपणामुळे गेलेले पैसे कळवेपर्यंत आपल्याच माथी असतात. कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. पुढची दोन-तीन स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचा, सबस्क्रिप्शनच्या नावाखाली छोटी रक्कम पुन्हा कापली जाते.