रोबोकॉनचा रोबो, ७७५ मोटर आणि स्वतः बनवलेला गिअरबॉक्स: नवीन पोरांसाठी

रोबोकॉन म्हणजे कॉलेजच्या पोरांची रोबोंची स्पर्धा, आणि ७७५ म्हणजे त्या रोबोत वापरतात ती छोटी डीसी मोटर. टीममध्ये मेकॅनिकलला नुकतेच आलेत त्यांच्यासाठी लिहितोय. रेशो कसा काढायचा, मॉड्युल (गिअरच्या दाताचं माप) म्हणजे काय, स्पीड कमी केला की टॉर्क वाढतो, हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो, त्याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत. कुणी नीट सांगत नाही ती गोष्ट पुढची आहे. प्लेट्स कापून आल्या, गिअर आले, बेअरिंग बसले, आता ही मोटर त्याला जोडायची कशी? कॅडमध्ये कॉन्सेंट्रिक मेट (दोन शाफ्ट एका रेषेत आणणारी कमांड) मारला की काम झालं, पण अॅल्युमिनियमच्या प्लेटला तुमचा मेट माहीत नसतो.

आमच्या ड्राइव्हच्या (चाकं फिरवणारा भाग) पहिल्या गिअरबॉक्समध्ये मोटरचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट समोरासमोर होते, मध्ये ऑनलाइन मिळतं ते पितळेचं रिजिड कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारी ताठ नळी), ग्रब स्क्रूवालं (बिनडोक्याचा, शाफ्टवर दाबून धरणारा स्क्रू). दिसायला एक नंबर. मोटर टेबलावर एकटी फिरवली की सव्वा अँपिअर घ्यायची आणि गिअरबॉक्सला बोल्ट केली की साडेचार, तेही चाक हवेत असताना. दोन मिनिटांत मोटरला हात लावता येईना. मग नेहमीचं सुरू झालं, इलेक्ट्रॉनिक्सवाले म्हणणार गिअर जाम आहेत, आम्ही म्हणणार मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर बोर्डच्या पीडब्ल्यूएममध्ये (स्पीड ठरवणारा सिग्नल) लोच्या आहे, कुणीतरी ग्रीस बदललं, कुणी बॅटरी बदलली. आणि एक सीनियर येऊन सांगून गेला, "चालव रे, घासून बसेल."

हे "घासून बसेल" ज्याच्या तोंडून ऐकाल त्याचा सल्ला त्या दिवसापुरता तरी घेऊ नका. घासून बसतं ते मोटरचं बुश (शाफ्टला आधार देणारी कडी), आणि एकदा बसलं की मोटर कायमची बसते.

आता नीट वाचा, कारण इथेच सगळे अडकतात. मोटरच्या आत शाफ्टला दोन आधार असतात, पुढे एक, मागे एक. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टलाही दोन बेअरिंग असतात. तुम्ही रिजिड कपलिंगने हे दोन शाफ्ट जोडले की दोघांचा मिळून एकच शाफ्ट झाला आणि त्याला चार आधार झाले. रेषा ठरायला दोन बिंदू पुरतात. तिसरा आणि चौथा बिंदू त्याच रेषेवर बरोब्बर आला नाही तर शाफ्टला वाकावं लागतं, दुसरा पर्यायच नसतो. आणि तो बरोब्बर येत नाही, कारण लेझरने कापलेल्या प्लेटचं भोक, स्पेसरची उंची, स्क्रूच्या भोकातला प्ले (मोकळी जागा), प्रत्येकजण आपला थोडा थोडा हिस्सा टाकतो.

"थोडा" म्हणजे किती, ते एकदा स्वतः काढा म्हणजे डोक्यात बसेल. ७७५ चा शाफ्ट ५ मिमीचा. मोकळं टोक २० मिमी धरा, कँटिलिव्हरचा (एक टोक घट्ट, एक मोकळं) फॉर्म्युला लावा, स्टीलचा यंग्ज मॉड्युलस (ताठपणा) दोन लाख मेगापास्कल. हे टोक फक्त ०.१ मिमी वाकवायला साधारण २३० न्यूटन लागतात, म्हणजे जवळपास २३ किलो. आता गिअरचा खरा लोड बघा: मॉड्युल १, १५ दातांचा पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर), मोटर ०.३ न्यूटन-मीटर देतेय, तर दातांवरचा एकूण रेट होतो ४३ न्यूटनच्या आसपास. म्हणजे जे काम करायला मोटर आणली त्याच्या पाचपट लोड नुसता वाकड्या जोडणीने बेअरिंगवर बसतोय, आणि तोही रोबो नुसता उभ्या उभ्या चाक फिरवत असताना. बेअरिंगमधला थोडा प्ले यातलं काही गिळतो हे खरं, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

ओळखायचं कसं? गिअरबॉक्स जोडलेला असताना मोटरचे दोन माउंटिंग स्क्रू अर्धा आटा सैल करा आणि अॅमीटरकडे बघा. करंट धपकन खाली आला तर गिअर निर्दोष, ड्रायव्हर निर्दोष, बॅटरी निर्दोष, लफडं अलाइनमेंटचं आहे. बस, एवढीच टेस्ट. मला हे भोसरीतल्या एका टर्नर काकांनी दाखवलं, मी त्यांच्याकडे नवीन कपलिंग बनवून घ्यायला गेलो होतो. त्यांनी आमचा गिअरबॉक्स हातात घेतला, स्क्रू सैल केला, शाफ्ट बोटाने फिरवला, परत घट्ट करून फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाळा, चार बेअरिंग एका रेषेत माझ्या लेथवर बसवताना मला घाम फुटतो, तू ते लेझर कटिंगमध्ये बसवतोय होय?" कपलिंग बनवून दिलं नाही. माझं मत विचाराल तर टीमला मेंटॉर म्हणून स्लाइड दाखवणारा माणूस मिळण्यापेक्षा असे एक काका मिळाले तर जास्त नशीबवान समजा. चहा पाजा, त्यांच्या कामाच्या वेळेत मध्येमध्ये करू नका, आणि ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) लिहून न्या, नुसतं तोंडी सांगायचं नाही.

उपाय अवघड नाहीत, घाबरू नका. सगळ्यात सोपं म्हणजे कपलिंगच नको. पिनियन थेट मोटरच्या शाफ्टवर, आणि तो गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरला लागतो. मोटरचे दोन आधार मोटरचे, गिअरबॉक्सचे दोन गिअरबॉक्सचे, मध्ये फक्त दात. थोडी चूक झाली तर बॅकलॅश (दातांमधली मोकळी जागा) कमीजास्त होईल, शाफ्ट वाकणार नाही. १५ आणि ४५ दात, मॉड्युल १, सेंटर डिस्टन्स ३० मिमी, त्यात मी ०.१ मिमी जास्त ठेवतो. पिनियन मोटरच्या तोंडाला जितका चिकटून असेल तितकं चांगलं. आणि पिनियनच्या पुढच्या टोकाला "सपोर्ट हवा" म्हणून तिसरं बेअरिंग टाकायची खाज येईल, ती आवरा. तीन आधार म्हणजे तोच आजार, थोडा लहान.

कपलिंग लागतंच असेल, जागाच तशी असेल, तर ओल्डहॅम (तीन तुकड्यांचं, मधला तुकडा सरकतो ते) किंवा मध्ये रबराचा स्पायडर (चांदणीसारखा तुकडा) असलेलं जॉ कपलिंग घ्या, ही थोडा वाकडेपणा स्वतःच गिळतात. लांबी वाढते म्हणून कुरकुर होते, होऊ दे.

आणि मोटरची जागा स्क्रूने ठरवायची नसते. एम४ साठी भोक ४.५ चं, म्हणजे मोटर इकडेतिकडे सरकायला मोकळी. मोटरच्या तोंडावर बेअरिंगभोवती जो गोल उंचवटा असतो, तो बॉस, त्याच्या मापाचं भोक प्लेटला बोअर करा आणि मोटर त्यात बसवा, स्क्रू फक्त धरून ठेवायला. बुधवार पेठेतून एकाच दुकानातून घेतलेल्या ७७५ मध्येही बॉसचं माप वेगळं निघू शकतं, त्यामुळे डेटाशीटवर नाही तर व्हर्नियरवर विश्वास ठेवा. थ्रीडी प्रिंट करत असाल तर भोक बहुतेक वेळा लहानच येतं, मोटर त्यात हातोडीने घालू नका.

हातोडीवरून आठवलं. पिनियन प्रेस करताना मोटरचं बूड टेबलावर ठेवून वरून ठोकायचं नाही. तो दणका शाफ्टमधून मागच्या झाकणावर जातो, आणि ब्रश, वॉशर सगळं त्याच झाकणात असतं. शाफ्टचं मागचं टोक बाहेर दिसत असलेली मोटर घ्या, त्या टोकाला खालून आधार द्या आणि वाईसमध्ये हळू दाबा. रिटेनिंग लोकटाइट (शाफ्टवर गिअर पक्का करणारा गोंद) लावणार असाल तर थेंबभर, जास्त झालं तर ओघळून बेअरिंगमध्ये जातं. ग्रब स्क्रूच वापरणार असाल तर शाफ्टची एक बाजू घासून चपटी केल्याशिवाय नको, गोल शाफ्टवर तो मॅचमध्येच फिरतो. घासताना मोटरच्या सगळ्या खिडक्यांना टेप लावा, आत मॅग्नेट आहेत, लोखंडाचा कीस गेला की बाहेर येत नाही.

माउंटिंग स्क्रूची लांबीही बघा. ३ मिमी प्लेट, १ मिमी वॉशर, ८ मिमीचा स्क्रू म्हणजे आत ४ मिमी गेला. वाइंडिंगला टोक लागतंय का ते खिडकीतून टॉर्च मारून पाहा. लागलं तर मोटर गेली.

एक शॉर्टकट मात्र मी मनापासून मान्य करतो, तो म्हणजे तयार प्लॅनेटरी गिअरमोटर (गिअरबॉक्स जोडूनच मिळणारी मोटर) विकत घेणं. "आम्ही सगळं स्वतः बनवतो" हा माज पहिल्या वर्षी परवडत नाही. एबीयू रोबोकॉनमध्ये (आंतरराष्ट्रीय स्पर्धा) यजमान देश बदलतो तशी थीम बदलते, २००८ ला पुण्यात झाली तेव्हा दहीहंडीवर होती, २०१४ ला परत पुण्यात आली तेव्हा आईबाप आणि मूल. लिफ्ट, ग्रिपर, थ्रोअर दरवर्षी नवीन लागणार, त्यात वेळ घालवा. मोटर, पिनियन आणि पहिल्या स्टेजची प्लेट हे एक तयार युनिट करा, एकदा टेस्ट करून ठेवा आणि पुढच्या बॅचला तसंच द्या. आमच्याकडे दर वर्षी नवीन पोरं येऊन सगळं मोडून पहिल्यापासून करायची, आणि दर वर्षी त्याच खड्ड्यात.

स्पर्धेला जाताना सुट्या मोटर नेऊ नका, पिनियन बसवलेल्या न्या, पिटमध्ये (स्पर्धेतली दुरुस्तीची जागा) प्रेस करायला वेळ नसतो आणि वाईस कुणी देत नाही. प्रत्येक मोटरवर मार्करने नंबर टाका आणि शेजारी दोन आकडे लिहा, एकटी असतानाचा करंट आणि गिअरबॉक्सला बोल्ट केल्यावरचा, दोन्ही एकाच व्होल्टेजला घेतलेले. दुसऱ्यात गिअरच्या घर्षणाचं थोडं जास्त येणारच, पण दुप्पट आला तर ती मोटर रोबोवर चढवायची नाही, मग कॅप्टन कितीही ओरडू दे.