रिलायबिलिटी स्टडी घेताय? आयसीसीवर भाळू नका

एमपीटीला (फिजिओथेरपीतल्या मास्टर्सला) न्यूरो घेतलंय आणि डिझर्टेशनला 'दोन थेरपिस्टनी मोजलेला टीयूजी किती जुळतो' असला विषय मिळालाय (टीयूजी म्हणजे टाइम्ड अप अँड गो, खुर्चीतून उठून ३ मीटर चालून परत येऊन बसायला लागणारा वेळ), तर सगळे म्हणतील लई सोपा आहे, खुर्ची घे, स्टॉपवॉच घे, ३ मीटरवर टेप चिकटव, झालं. नाही होत ओ. माझं डोकं अजून दुखतंय त्यानं.

आयसीसी, म्हणजे दोघांची मापं किती जुळतात ते ० ते १ मध्ये सांगणारा आकडा, ०.९५ आला की गाईड खूश, तुम्ही खूश. पण हा आकडा फसवतो कसा ते कंटाळा आला तरी वाचाच. एकूण फरकातला किती वाटा पेशंट-पेशंटमधल्या खऱ्या फरकाचा, एवढंच आयसीसी सांगतो. म्हणजे एक पेशंट १० सेकंदांत परत येऊन बसणारा आणि दुसरा वॉकर धरून मिनिटभर घेणारा, असे सगळे एकत्र घेतले की दोन रेटरमधला (मोजणाऱ्यांमधला) ३-४ सेकंदांचा घोळ त्यात बुडून जातो. समजा एसडी (पेशंटांच्या वेळांमधला पसारा) १५ सेकंद, आयसीसी ०.९५. मग एसईएम (मोजण्यातली नेहमीची चूक) म्हणजे १५ गुणिले ०.०५ चं (१ वजा ०.९५) वर्गमूळ, साधारण ३.३५. त्याला १.९६ नं आणि २ च्या वर्गमुळानं गुणा, एमडीसी, म्हणजे खरा बदल म्हणता येईल असा कमीत कमी फरक, आली ९.३ सेकंद. म्हणजे आज मी मोजलं, महिन्यानं दुसऱ्यानं मोजलं आणि पेशंट ८ सेकंदांनी सुधारलेला दिसला, तरी खात्रीनं काही बोलता येत नाही! आणि उलट बघा, सगळे पेशंट साधारण सारखेच, एसडी ४, आयसीसी ०.८० च, तर एमडीसी ५ च्या आसपास. कमी आयसीसीवालीच स्टडी ओपीडीत जास्त कामाची निघाली की. म्हणून कू आणि ली यांच्या आयसीसीवरच्या २०१६ च्या पेपरातलं '०.९० च्या वर एक्सलंट' तेवढं कॉपी करून मोकळं होऊ नका. पिअर्सनचा कोरिलेशनचा आकडा तर नकोच, दुसरा रेटर दरवेळी ५ सेकंद जास्त मोजत असला तरी तो १ च येणार.

घाबरू नका पण, गणित एका संध्याकाळचं आहे. सीनियरची एक्सेल शीट मात्र मागू नका, त्यात आयसीसीचा कुठला प्रकार वापरलाय हे त्या सीनियरलाही ठाऊक नसतं.

खरी कटकट हॉलमध्ये. टीयूजी नेहमीच्या पादत्राणांत घ्यायचा असतो आणि आपली माणसं दवाखान्याच्या दारातच चपला काढून येतात. कागल-गडहिंग्लजकडचे मामा अनवाणी चालले आणि पुढच्या वेळी कोल्हापुरी घालून, त्यात फूट ड्रॉप (पाऊल वर उचलता न येणं), वेळ बदलणारच, त्यात रेटरचा काय दोष? सूचना पण लिहून काढा. टेस्ट नेहमीच्या, आरामाच्या चालीची आहे, आणि एखादा थेरपिस्ट मागनं 'चला मामा, पटापटा' म्हणतोच. पार्किन्सनवाल्यांची गोळी किती वाजता झाली ते शीटवर नोंदवा, त्या लेव्होडोपाच्या गोळीचा असर असताना आणि उतरल्यावर तोच माणूस वेगळा चालतो. दोन रेटरच्या शीटा वेगळ्या ठेवा, एकमेकांना आकडे ऐकू जाऊ देऊ नका. आणि स्टॅटिस्टिशियनला सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) द्यायच्या आधी भेटा, डेटा गोळा झाल्यावर तो फक्त मान हलवतो.