लिनक्सवर हलका स्क्रीन लॉकर: नुसता इन्स्टॉल करून भागत नाही

पूर्ण डेस्कटॉप न घेता नुसता आयथ्री किंवा ओपनबॉक्ससारखा विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्राम) वापरत असाल तर स्क्रीन लॉक आयतं मिळत नाही, आपलं आपण लावावं लागतं. हलके लॉकर दोन चांगले, एसलॉक आणि आयथ्रीलॉक. एसलॉक म्हणजे अगदीच बोडका, स्क्रीन काळी होते, टाइप करायला लागलं की निळी, पासवर्ड चुकला की लाल, बस. घड्याळ नाही, पासवर्डचा बॉक्स नाही, आणि रंग बदलायचा तर सोर्समधली कॉन्फिग फाइल बदलून परत कंपाइल करा. म्हणून मी आयथ्रीलॉकच सुचवेन. डेबियनमध्ये तो त्याच नावाच्या पॅकेजमध्ये मिळतो (एसलॉक मात्र सकलेस-टूल्स नावाच्या पॅकेजात लपलाय, शोधत बसाल), डॅश सी देऊन पुढं सहा शून्य लिहिले की काळी स्क्रीन, आणि डॅश आय देऊन पीएनजी फोटोही लावता येतो.

पहिल्यांदा चालवायच्या आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून दुसऱ्या टीटीवायवर (नुसत्या मजकुराच्या लॉगिन स्क्रीनवर) लॉगिन करून ठेवा. पासवर्ड घेतलाच नाही तर तिथून लॉकर किल करता येतो, नाहीतर बसा मशीन रीस्टार्ट करत. आणि कीबोर्ड देवनागरी लेआउटवर असताना लॉक केलंत तर पासवर्ड बरोबर टाकूनही चूकच येणार, तेव्हा आधी लेआउट बघा मग पासवर्डला शिव्या द्या.

मग शॉर्टकट. आयथ्रीच्या कॉन्फिगमध्ये बाइंडसिम (की आणि कमांड जोडणारी ओळ) लिहून द्यायचा, पण मॉड-एल नको (मॉड म्हणजे आयथ्रीची मुख्य की, बहुधा विंडोज किंवा ऑल्ट), ती की फोकस हलवायला आधीच घेतलेली असते, मॉड-शिफ्ट-एक्स वगैरे काहीतरी घ्या. एक गंमत म्हणजे एखादा राइट क्लिकचा मेनू उघडा असेल तर लॉक लागतच नाही, कारण लॉकरला कीबोर्ड आणि माउस दोन्ही स्वतःच्या ताब्यात घ्यावे लागतात आणि ते त्या मेनूने आधीच धरून ठेवलेले असतात. त्यामुळं की दाबून लगेच उठून जाऊ नका, स्क्रीन काळी झालेली बघा आणि मग उठा.

आपोआप लॉक व्हायला एक्सएसएस-लॉक नावाचा छोटा प्रोग्राम लागतो. एक्ससेट एस ६०० (सेकंद) ही कमांड दिली की १० मिनिटं हात लावला नाही की तो लॉकर चालवतो, आणि सिस्टिमडी (मागच्या सेवा सांभाळणारी सिस्टिम) असेल तर मशीन स्लीपला जातानाही. इथं दोन गोष्टी विसरू नका, एक्सएसएस-लॉकला ट्रान्सफर-स्लीप-लॉक हा पर्याय आणि आयथ्रीलॉकला नोफोर्क (मागं न जाता समोर चालत राहा), दोन्ही हवेत, नाहीतर लॅपटॉप उघडल्यावर क्षणभर आधीची स्क्रीन तशीच दिसू शकते, म्हणजे जे झाकायचं तेच उघडं.

आता खरं भोक. तुम्ही टीटीवायवर लॉगिन करून स्टार्टएक्स (ग्राफिक स्क्रीन, म्हणजे एक्स, सुरू करायची कमांड) मारत असाल आणि एक्स वेगळ्या टीटीवायवर चालत असेल तर कोणीही तुमच्या लॉगिनच्या टीटीवायवर जाऊन कंट्रोल-सी दाबेल, एक्स बंद, आणि समोर तुमचा उघडा शेल (कमांड लिहायची जागा), लॉकर कितीही भारी असला तरी. उपाय सोपा, स्टार्टएक्सच्या आधी एक्झेक लिहायचं, मग एक्स मेला की शेलपण गेला आणि परत लॉगिनच येतं. टीटीवाय बदलणंच बंद करायचं असेल तर एक्सऑर्गच्या (एक्सच्या) कॉन्फिगमधल्या सर्व्हरफ्लॅग्जमध्ये डोन्टव्हीटीस्विच ऑन करा, पण मग ती वरची किल करायची वाट तुम्हालाही बंद, म्हणून सगळं नीट चालतंय हे बघूनच.

आणि हे सगळं एक्स११ साठी, म्हणजे वरच्या एक्ससाठी. तिथं लॉकर क्रॅश झाला तर मागचा डेस्कटॉप सरळ उघडा पडतो. वेलँडवर (एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत) स्वे हा विंडो मॅनेजर वापरत असाल तर स्वेलॉक आणि स्वेआयडल घ्या, तिथं सेशन लॉकचा वेगळा प्रोटोकॉल आहे, लॉकर मेला तरी कंपोझिटर (स्क्रीनवर चित्र काढणारा प्रोग्राम, इथं स्वे) स्क्रीन लॉकच ठेवतो.