अमेरिकी यादवी युद्धातलं टोकन हाती आलं तर

कुणाचा मुलगा, कुणाचा जावई अमेरिकेतून येताना 1863 सालचं तांबडं टोकन, म्हणजे सुट्या पैशांऐवजी दुकानदारांनी पाडून घेतलेलं खासगी नाणं, घेऊन येतो आणि सांगलीत ते माझ्याकडे दाखवायला येतं. पहिली विनंती हीच की ते पितांबरीनं घासू नका, चिंच तर लावूच नका. तांबं चकाकेल, पण दीडशे वर्षांत चढलेला रंग कायमचा जाईल.

आधी मोजा. व्यास साधारण 19 मिलिमीटर, म्हणजे तेव्हाच्या सेंटएवढाच. मात्र सरकारी सेंट निकेल मिसळलेला, जाड, 4.67 ग्रॅमचा, टोकन बहुधा पातळ आणि हलकं. हरभट रोडवरच्या ओळखीच्या सराफाकडे वजन करून घ्या.

मग भिंग घ्या आणि सावकाश वाचा. दुकानाचं नाव, गाव, धंदा असेल तर ते दुकानदाराचं. नुसता झेंडा, तोफ किंवा घोषणा असेल तर देशभक्तीचं. मोठ्या अक्षरांत ‘वन सेंट’ दिसलं तर त्याच्या वर नीट बघा. काही टोकनांवर तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत ‘नॉट’ कोरलेलं असतं. सरकारी नाण्याची नक्कल केल्याचा आळ येऊ नये म्हणून केलेली ही सोय! मला या टोकनांचा लळा लागला तो या बारीक अक्षरांमुळे.

युद्धाच्या धास्तीनं लोकांनी आधी सोनं-चांदी दडवली, 1862 मध्ये सेंटही दिसेनासे झाले. सुट्या पैशांवाचून धंदा कसा चालणार? दुकानदारांनी टोकनं पाडून घेतली. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर या बिअरवाल्यानं तर दहा लाखांवर काढली, आणि ट्रामकंपनीनं साठलेली बदलून मागितल्यावर नकार दिला, असं सांगतात. 1864 च्या कायद्यानं हा प्रकार बंद झाला. बहुतेकांवर साल 1863 असतं. 1864 च्या पुढचं दिसलं तर खुशाल शंका घ्या. कडेला सांध्याची रेघ किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे असतील तर ते ठशानं पाडलेलं नाही, साच्यात ओतलेलं, म्हणजे नक्कल.

ठेवताना मऊ पीव्हीसीचे कप्पे टाळा, तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो. पुठ्ठ्याचं, मायलरच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) खिडकीचं पाकीट घ्या, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. आणि 2019 चा पूर पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको, डबा वरच्या मजल्यावर ठेवा. टोकन कुणी, कुठून आणलं ते पाकिटावर आधीच लिहा. आत घातल्यावर पेन दाबलं तर ओरखडा उठतो.