शाळेनंतर काय? कामाची तयारी अशी करा

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांची शाळा संपत आली की आईवडील विचारतात, "मॅडम, याला काय जमेल?" मी जॉब कोच आहे, म्हणजे अशा मुलांना कामाच्या जागी सोबत राहून काम शिकवते. मी आधी एकच सांगते : आठवडाभर वहीत टिपून ठेवा. कोणी न सांगता तो काय करतो? किती वेळ त्यात रमतो? आवाज, गर्दी, ताटकळणं, यातलं काय सोसत नाही? माझ्याकडच्या एका मुलीला प्रत्येक वस्तूच्या कडा जुळवायचा नाद. घरचे त्याला खोड म्हणायचे. आज ती एका कार्यालयात फायली क्रमाने लावते.

"आधी पूर्ण तयार होऊ दे, मग कामाला पाठवू" हे मला अजिबात पटत नाही. त्यात वर्षं निघून जातात. शाळेच्या शेवटच्या वर्षीच खऱ्या जागी शिकाऊ म्हणून पाठवा. अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात १९९६ साली 'प्रोजेक्ट सर्च' हा अशा तरुणांना कामाच्या जागीच शिकवणारा कार्यक्रम सुरू झाला तो याच वाटेने. तातडीच्या विभागात सामान भरून ठेवायला भरवशाची माणसं हवी होती; ती जबाबदारी अशा तरुणांनी पेलली. तिथे मुलं वर्षभरात वेगवेगळ्या विभागांत काम करून बघतात. कुठलं काम आवडतं हे केल्याशिवाय कळणार कसं?

शिकवण्याआधी ते काम स्वतः करा आणि हाताची एकेक हालचाल लिहून काढा. पाकिटात पत्र भरायचं आहे, तर : कागद घे, छापील बाजू वर, खालची कड खुणेपर्यंत दुमड, घडी दाब, आत सरकव, पाकीट चिकटव. आता शेवटची पायरी आधी शिकवा. बाकीचं तुम्ही करा, चिकटवू दे त्याला. पहिल्याच वेळी काम त्याच्या हातून पुरं होतं, आणि तो आनंद चेहऱ्यावर लगेच दिसतो. मग शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन. अडला तर लगेच बोलू नका. थोडं थांबा, मग बोट दाखवा, त्यानेही नाही जमलं तरच हात धरा. कागद उलटा पडत असेल तर वर येणाऱ्या बाजूला रंगाचा ठिपका द्या. अमेरिकेतले विशेष शिक्षणाचे संशोधक मार्क गोल्ड यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सायकलच्या ब्रेकच्या सुट्या भागांवर असाच रंग दिला होता. ज्यांच्याकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवत नव्हतं, ती मुलं १५ भागांचा ब्रेक जोडायला शिकली.

अभ्यास थांबवू नका, फक्त उपयोगाचा ठेवा : घड्याळ, कॅलेंडर, रक्कम ओळखणं. त्याहूनही महत्त्वाची दोन वाक्यं, "मला कळलं नाही" आणि "मला थोडी विश्रांती हवी". बोलता येत नसेल तर कार्डावर, फोनवर, कसंही. काम येत असूनही निव्वळ ही दोन वाक्यं सांगता न आल्यामुळे नोकरी सुटलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून यावर मी हटून बसते.

कामाच्या ठिकाणी वरिष्ठांना सांगा की सूचना एका वेळी एकच द्यावी आणि रोज विचारायला एकच सहकारी ठरवून द्यावा. कोच सुरुवातीला शेजारी, मग खोलीच्या दाराशी, मग फक्त फोनवर. पगाराचं सुरुवातीलाच लेखी घ्या आणि तो त्याच्याच नावाच्या खात्यात जाऊ द्या. काही महिन्यांनी त्याला विचारा, "हे काम आवडतं का?" नाही म्हणाला तर वही पुन्हा उघडा आणि दुसरं काम शोधा.