गर्दी जमण्याआधी वाय-फायची तयारी

मोठ्या सभागृहात वाय-फाय द्यायचं असेल तर आदल्या रात्री पॉवर वाढवत बसू नका. आठवडाभर आधी कागद घ्या आणि माणसांऐवजी उपकरणं मोजा. ३०० जण येणार असतील तर फोन आणि लॅपटॉप धरून ६०० उपकरणं समजा. हा आकडा सगळ्यात आधी डीएचसीपीला, म्हणजे प्रत्येक उपकरणाला नेटवर्कवरचा पत्ता वाटणाऱ्या सेवेला लावा. नेहमीच्या /२४ सबनेटमध्ये (पत्त्यांच्या गटात) २५४च पत्ते मिळतात, ते पहिल्या चहाआधीच संपतील. /२२ केलंत तर १०२२ होतात. लीजची, म्हणजे एक पत्ता एका उपकरणाकडे राहण्याची मुदतही दिवसावरून दोन तासांवर आणा.

मग चॅनेल, म्हणजे वाय-फाय ज्या लहरींच्या पट्ट्यांवर बोलतं ते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, आणि तिथे रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवायची. सभागृहात ५ गिगाहर्ट्झलाही मी २०च ठेवतो, फार तर ४०. ८० मेगाहर्ट्झवर एकट्या लॅपटॉपची स्पीड टेस्ट छान दिसते, पण शेजारशेजारच्या एपींना (वाय-फाय देणाऱ्या ॲक्सेस पॉइंट डब्यांना) वेगळे चॅनेल उरत नाहीत. एकाच चॅनेलवरच्या सगळ्यांना आळीपाळीनेच बोलावं लागतं, आणि गर्दीत खरी टंचाई असते ती या बोलण्याच्या वेळेची.

पॉवरवर मात्र नीट वेळ घालवा, कारण सर्वात जास्त चुका इथेच होतात. मीही एकदा सगळे एपी कमाल पॉवरवर ठेवले होते. प्रत्येकाच्या फोनवर सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या आणि पान मात्र कुणाचंच उघडेना. एपीचा आवाज फोनपर्यंत पोचत होता, फोनचा आवाज एपीपर्यंत पोचत नव्हता. ही पॉवर डीबीएममध्ये मोजतात; २० डीबीएम म्हणजे १०० मिलीवॅट. दर ३ डीबीला पॉवर दुप्पट किंवा निम्मी होते. बऱ्याच फोनचा रेडिओ १५ डीबीएमच्या आसपासच असतो, म्हणून एपीही त्याच्याच जवळपास आणा. २.४ गिगाहर्ट्झची पॉवर ५ गिगाहर्ट्झपेक्षा साधारण ६ डीबीने कमी ठेवलीत तर उपकरणं आपसूक ५कडे वळतात. जिथे लोक बसणार आहेत त्या प्रत्येक कोपऱ्यात फोन हातात धरून उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला (शून्याच्या जवळचा) सिग्नल मिळतो का ते पाहा. रिकाम्या सभागृहातलं माप मात्र थोडं फसवं असतं. माणसाच्या शरीरात पाणीच जास्त, ते सिग्नल शोषतं. त्यामुळे मापात थोडी सवड ठेवा.

१ आणि २ एमबीपीएससारखे जुने वेग बंद करा. ६ एमबीपीएसवर रेंगाळणारा फोन तोच डेटा पाठवायला ५४वाल्याच्या जवळपास नऊपट वेळ घेतो, आणि तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात. एसएसआयडी, म्हणजे फोनवर दिसणारी वाय-फायची नावं, तीनच्या वर नेऊ नका. प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःची हाळी देतं, आणि तीही सर्वात मंद वेगात.

क्लायंटची, म्हणजे एपीला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांची मर्यादा लावताना सांभाळून. एपीच्या प्रत्येक रेडिओला (२.४चा वेगळा, ५चा वेगळा) ४० ते ५० हा आकडा मला बरा वाटतो, पण शेजारी दुसरा एपी ऐकू येत असेल तरच. तो नसेल तर नाकारलेला फोन पुन्हा पुन्हा त्याच दारावर धडका देत राहतो आणि आतल्यांचाही वेळ खातो. बँडविड्थची मर्यादा बाहेरची लाइन पाहून ठरवा. २०० एमबीपीएसची लाइन ६०० उपकरणांत सारखी वाटायची गरज नाही, कारण एका क्षणी थोडेच जण काही उतरवत असतात. दर उपकरणाला ३ ते ५ एमबीपीएस पुरे. व्यासपीठावरचा लॅपटॉप यात धरू नका, त्याला केबलच द्या.

विजेचा हिशेब राहून जातो. पीओईच्या, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याच्या ८०२.३एएफ प्रकारात स्विच पोर्टला १५.४ वॅट देतो, ८०२.३एटीमध्ये ३०. ३७० वॅट बजेटचा २४ पोर्टांचा स्विच १५.४ने सगळे पोर्ट कसाबसा भागवतो, पण ३०ने बाराच. वीज अपुरी पडली तरी काही एपी चालू होतात, दिवाही लागतो. आतून मात्र एखादा रेडिओ गुपचूप बंद असतो. म्हणून प्रत्येक पोर्टवरचा खप स्विचच्या पानावर वाचा. यूपीएसवर एपीचा स्विच, राउटर आणि बाहेरच्या लाइनचा डबा तिन्ही हवेत. केबल १०० मीटरच्या आत असावी.

शेवटी सेटिंगचा बॅकअप घ्या, फर्मवेअरचं (उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) आपोआप होणारं अपडेट थांबवा, आणि आदल्या दिवशी पंधरा-वीस जणांना आत बसवून सगळ्यांना एकाच वेळी व्हिडिओ लावायला सांगा.