मुलाला सिनेमात काम मिळालंय? सही करण्याआधी जॅकी कूगनचा हिशेब वाचा

सेटवर लहान मुलांना सांभाळणं हे माझं काम. मुलं मला मावशी म्हणतात. पहिल्यांदा शूटिंगला आलेले आईबाबा भेटले की करारावर सही करण्याआधी मी त्यांना जॅकी कूगनबद्दल सांगते.

चार्ली चॅप्लिनचा 'द किड' १९२१ साली आला, तेव्हा त्यातला पोर जॅकी सहा वर्षांचा होता. सिनेमा तुफान चालला. जॅकीच्या नावाच्या बाहुल्या, शिट्ट्या, अगदी पीनट बटरसुद्धा बाजारात आलं. १९३५ मध्ये मोटार अपघातात वडील गेले. त्याच गाडीत बसलेला जॅकी एकटाच वाचला. पुढे त्याने स्वतःची कमाई मागितली, तेव्हा आई आणि सावत्र वडील देईनात. कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, मुलाच्या कमाईवर हक्क आईवडिलांचाच! १९३८ मध्ये त्याने आईवर दावा लावला. तीस-चाळीस लाख डॉलर कमावले असतील असा अंदाज होता. हातात पडले जेमतेम सव्वा लाख. त्याच्यामुळे १९३९ मध्ये तिथे कायदा झाला आणि बालकलाकाराच्या कमाईतला काही भाग त्याच्यासाठी राखून ठेवायची सोय झाली. तो आजही 'कूगन कायदा' म्हणूनच ओळखला जातो.

आपल्याकडे बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांत ही सोय आहे. १४ वर्षांखालच्या मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत जायला हवेत, आणि ते सज्ञान झाल्यावर त्यालाच मिळायचे. या 'किमान' शब्दाकडे नीट बघा. घर त्या पैशावर चालत नसेल तर प्रवास-कपड्यांचा खर्च वजा करून उरलेलं सगळं ठेवीत टाका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी काम पक्कं होताच मुलाचं पॅन कार्ड काढा. अज्ञान मुलाचंही निघतं. मानधन मुलाच्याच खात्यावर आणि टीडीएस (मानधनातून आधीच कापला जाणारा कर) त्याच्याच पॅनवर, हे करारात लिहून घ्या. मुलाने स्वतःच्या कलेवर मिळवलेलं उत्पन्न आईबाबांच्या उत्पन्नात धरत नाहीत, त्याचं विवरणपत्र वेगळं भरायचं असतं. कर बसत नसेल तर कापलेला टीडीएस परत मिळतो. बरेच आईबाबा विवरणपत्रच भरत नाहीत आणि मुलाचा हक्काचा पैसा तसाच पडून राहतो.

आता परवानगी. जिथे शूटिंग आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची असते, सोबत फॉर्म सी मधलं हमीपत्र द्यायचं असतं. त्याची प्रत मागा. "ताई, होऊन जाईल" हे उत्तर चालवून घेऊ नका. मुलाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणावर आहे, हेही त्या कागदांत लिहिलेलं असतं. अशा एका माणसाकडे पाचपेक्षा जास्त मुलं देता येत नाहीत. पहिल्याच दिवशी त्या माणसाला भेटा, त्याचा नंबर घ्या.

दिवसाला पाच तासच काम आणि सलग तीन तासांच्या वर नाही, हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण घड्याळ कधी सुरू करायचं यावर वाद होतो. मुलाला मेकअपच्या खुर्चीत बसवलं की मी डायरीत वेळ लिहिते. लायटिंग लागेपर्यंत ताटकळत बसणं हेही मुलासाठी कामच आहे. तुम्हीही वही ठेवा: कॉल टाइम (सेटवर बोलावलेली वेळ), खुर्चीत बसल्याची वेळ, जेवण, पॅकअप. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम करवून घेता येत नाही, आणि शाळा बुडू नये ही सोय निर्मात्याने करायची असते. त्यामुळे वर्गशिक्षिकेला आधीच भेटून अभ्यास कसा भरून काढायचा ते ठरवा.

रडण्याच्या सीनबद्दल मात्र मला जरा जास्त सांगायचंय. 'द किड'मध्ये मुलाला अनाथाश्रमात न्यायला माणसं येतात तेव्हा जॅकीला रडू येईना. चॅप्लिनने आत्मचरित्रात लिहिलंय की, वडिलांनी त्याला बाजूला नेऊन दम दिला, रडला नाहीस तर खरंच तिथे पाठवू. पोर हमसून हमसून रडलं. शॉट अप्रतिम आहे, पण तो बघताना माझ्या पोटात गोळा येतो. असं काही माझ्यासमोर झालं तर मी शूटिंग थांबवते. तुम्ही नॅरेशनच्या वेळीच, म्हणजे सिनेमाची गोष्ट ऐकवतात तेव्हाच, दिग्दर्शकाला विचारा, रडवणार कसं? ग्लिसरीनही डोळ्यांत झोंबतं, म्हणून मी मुलांना ते वापरू देत नाही. आधी गोष्ट समजावून सांगितली आणि दोन तालमी झाल्या की बहुतेक मुलं छान करतात. मूल "नको" म्हणालं तर तिथेच थांबा. त्याच्या मनाविरुद्ध काम करून घ्यायला नियमातही मनाई आहे.

सिनेमा गाजला तरी पुढचं काम लगेच घेऊ नका, एक शाळेचं वर्ष पूर्ण होऊ द्या. 'श्यामची आई'तले श्याम, माधव वझे, मोठेपणी इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक झाले. जॅकीही दुसऱ्या महायुद्धात ग्लायडर चालवत ब्रह्मदेशात उतरला आणि पन्नाशीत 'द अॅडम्स फॅमिली' या टीव्ही मालिकेतला अंकल फेस्टर म्हणून पुन्हा घराघरांत पोचला.

मूल १८ वर्षांचं झालं की त्याला घेऊन बँकेत जा, खातं सज्ञान म्हणून बदलून घ्या, त्याची नवी सही द्या. करार, ठेवीच्या पावत्या आणि तुमची ती वही त्याच दिवशी त्याच्या ताब्यात द्या.